जिनिंगच्या शेडमधल्या जुन्या मोटारी : चमकवलेल्या आणि नुसत्या जपलेल्या

काळीमाती

सेलू-मानवतकडचा पट्टा कापसाचा. जुन्या जिनिंगच्या शेडा गावोगाव आहेत, त्यातल्या कितीतरी आता रिकाम्या. अशाच एका बंद शेडमधे पंधरा-सोळा जुन्या मोटारी नीट दुरुस्त करून ठेवल्यात असं बरेच दिवस कानावर होतं. मित्राच्या मामांची ओळख निघाली आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी जाऊन आलो. मालकांनी आधीच बजावलं, काय लिहायचं ते लिहा पण नाव-गाव नको. तसंही रोज कुणी ना कुणी 'लग्नाला गाडी द्या' म्हणून दारात उभं असतं. फोटोही त्यामुळंच नाहीत. 'फोटोशिवाय धागा फाऊल' म्हणणाऱ्यांनी आत्ताच म्हणून घ्यावं.

दारातच डुक्कर फियाट. नव्या पोरांसाठी सांगतो, ही पन्नाशीच्या दशकातली फियाट ११००, प्रीमियरवाले कुर्ल्याला बांधायचे. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागच्या अंगाला. चढाउतरायला ऐसपैस, पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्यानं दार सताड. मालकांनी दोन्ही दारांना आतून चामडी पट्टा लावलाय आणि हा मूळ गाडीत नव्हता हे विचारायच्या आत सांगून टाकलं. तिच्या शेजारी तिच्याच पुढच्या आवृत्त्या : सिलेक्ट, मग डिलाइट, मग पद्मिनी. पद्मिनी हे नाव १९७४ चं. चारी गाड्या ओळीनं बघितल्या की कळतं, पत्र्याचा आकार बदलत गेला, इंजिन मात्र १०८९ सीसीचंच राहिलं.

स्टँडर्ड हेराल्डपाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. मद्रासकडं बनायची, मूळ ट्रायम्फची, आराखडा इटलीच्या मिकेलॉटीचा. बॉनेट उघडायचं म्हणजे दिवे-मडगार्डासकट अख्खं तोंडच पुढं कलतं. मिस्त्री सरळ पुढच्या टायरवर बूड टेकतो आणि कार्बोरेटर खोलतो. आणि वळते कशी! २५ फुटांत अख्खी फिरते. मालकांनी शेडच्या खांबांमधेच फिरवून दाखवली. आम्ही ज्या गाडीनं गेलो होतो तिला तिथं तीन वेळा मागं-पुढं करावं लागलं असतं.

मॉरिस मायनर आहे, आपल्याकडं 'बेबी हिंदुस्थान' म्हणून विकलेली. वळायचं असलं की दाराशेजारच्या खांबातून केशरी दांडी टक्क करून बाहेर येते. डावीकडची अडकते, तिला आतून बुक्की मारावी लागते. त्या कामावर मालकांचा नातू नेमलेला आहे आणि तो ते फार गांभीर्यानं करतो. डॉज किंग्जवे आहे, सहा सिलिंडरची. ती चालू आहे का बंद हे मला पंख्याकडं बघून कळलं. महिंद्राची जीप आहे, कॉन्टेसा आहे. कॉन्टेसावर लिहिणारे इथं पुष्कळ आहेत, मी सोडतो.

सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, लँडमास्टर. अँबॅसेडरच्या आधीची, मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या आवृत्तीवरून बेतलेली. हिला रंग दिलेला नाही. टपावरचा रंग उन्हानं उडून खालचा तांबूस प्रायमर दिसतो. ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर कोपर टेकून टेकून तेवढाच पत्रा उघडा पडलाय आणि गुळगुळीत झालाय. डॅशबोर्डवर शेंदराचं स्वस्तिक. मूळ मालक कापसाचे अडते होते. डिकीच्या रबरी पट्टीखाली अजून सरकी निघते. चाचांनी, म्हणजे मिस्त्रींनी, स्क्रूड्रायव्हरनं चार बिया उकरून माझ्या हातावर ठेवल्या. इंजिन, ब्रेक, वायरिंग मात्र सगळं उतरवून पुन्हा केलंय. पहिल्या सेल्फला चालू झाली.

माझ्या मते अख्ख्या शेडमधे हीच एक नंबर. डुक्कर फियाट कारखान्यातून निघाली तेव्हाही एवढी चकाकत नसणार. पीयू रंगाचे थर, वर क्लिअर कोट. दारात बघून भांग पाडता येतो. ती गाडी डॉक्टरची होती, वकिलाची होती का टॅक्सीत धावली होती, काही म्हणजे काही कळत नाही. मालकांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "अहो, ती मुंबईहून आणली तेव्हा तळाची चाळणी झाली होती. पाय खाली टाकला तर रस्त्याला लागत होता. ती तशीच ठेवू?"

हे खरंय. मुंबई-कोकणातून आणलेल्या गाडीचा पत्रा खाऱ्या दमट हवेनं खाल्लेला असतो. आपल्याकडच्या वाड्यांतून निघालेल्या गाडीचा पत्रा शाबूत असतो, पण उन्हानं रबर, रेक्झिन, लाकूड सगळं तडकलेलं. चाचांचं म्हणणं, "पत्रा तो ठोक के बना लेंगे साब, रबर कां से लाऊं?" दारांच्या बीडिंगसाठी मुंबईच्या कुर्ल्याला, दिल्लीच्या मायापुरीला, कलकत्त्याच्या मलिक बाजारला माणसं धाडतात. नाहीच मिळालं तर जुना तुकडा नमुना म्हणून देऊन साचा करवून घेतात.

आणखी एक भानगड आपल्याकडची खास, ती म्हणजे बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं ते जड पाणी रेडिएटरला घातलं की आत क्षार बसतात, नळ्या बुजतात आणि गाडी घाटात उकळते. इथं शेडच्या पन्हाळीखाली पिंप लावलंय. पावसाचं पाणी गाळून कॅनमधे भरून ठेवतात, कूलंट त्यातच मिसळतात.

तर प्रश्न असा : जुनी गाडी हाती लागली तर रंग द्यावा का राहू द्यावा?

फियाटवाला_परभणी

पहिला! जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत फियाट.
धागा झकास. रंगाबद्दल मात्र तुमच्याशी जमणार नाही. मपल्या आज्याची पद्मिनी मी पुन्हा उभी केली ती नवी दिसावी म्हणूनच. आज्यानं ती रोज सकाळी फडक्यानं पुसली. उडालेला रंग बघून त्याला आनंद झाला असता का?

मुळामुठा

जगभर आता कल काळीमाती यांच्या बाजूनं आहे. मोठ्या स्पर्धांमधे न रंगवलेल्या, मूळ अवस्थेतल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो. एकदा मूळ रंग खरवडला की तो परत येत नाही. फियाटवाले, तुमच्या गाडीचा जुना रंग कुठं तरी शिल्लक ठेवला का? डॅशबोर्डच्या मागं, डिकीच्या आत?

फियाटवाला_परभणी

ठेवलाय की. स्टेपनीच्या खड्ड्यात. फिकट हिरवा.

अंबाडीची_भाजी

गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण लँडमास्टरचं वाचून आमची अँबॅसेडर आठवली. लातूरहून तुळजापूरला जायचो. पुढं तीन, मागं पाच, आणि मी आजीच्या मांडीवर. पुढची सीट अखंड होती ना, मधे बसणाऱ्याचे गुडघे कायम बाबांच्या हाताला लागायचे, कारण गेर स्टिअरिंगपाशी. उन्हाळ्यात वाटेत कुठं तरी गाडी थांबायची म्हणजे थांबायचीच. मग बाबा आईकडून ओला टॉवेल घेऊन बॉनेटखाली कशावर तरी टाकायचे. थोड्या वेळानं आपोआप चालू. तो काय प्रकार होता?

सरळगेर

ताई, तो पेट्रोल पंप. इंजिनला चिकटलेला असतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ खेचत बसतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. ओलं फडकं टाकलं की पंप थंड, वाफेचं पुन्हा पेट्रोल, गाडी चालू. वडील जाणकार होते. पुष्कळ जण अशा वेळी सेल्फ मारून मारून बॅटरी संपवायचे.
(एसटीच्या वर्कशॉपात नोकरी झाली, म्हणून अधिकारानं बोलतो. राग नसावा.)

दुधना

लई भारी धागा. लग्नाला खरंच देत नाहीत का? डिसेंबरात भावाचं आहे.

काळीमाती

नाही देत हो. एकदा डॉज दिली होती. वरातीत पोरं बॉनेटवर चढून नाचली. तेव्हापासून बंद.

नाथसागर

थोडी जुनी पानं उलगडतो. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या मोटारींचा माग काढायचा तर मुंबईपेक्षा हैदराबादकडं बघावं लागतं. मुंबई राज्यात आपण आलो ते १९५६ ला. जहागीरदार, देशमुख, मोठे वकील यांच्या वाड्यांत अजून एखादी मोटार विटांवर उभी सापडते, आणि कागद सापडलेच तर उर्दूत. निजामाच्या राज्यानं १९३२ साली २७ बसगाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली होती. आपली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, पुणे-नगर. हैदराबादला गेलात तर चौमहल्ला राजवाड्यात सहाव्या निजामासाठी बनवून घेतलेली पिवळी रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट आहे, आत सिंहासनासारखी बैठक. ती फारशी चाललीच नाही. मला तर काचेतून बघून कंटाळा आला. त्यापेक्षा या शेडमधला बुक्की मारणारा नातू बघायला आवडेल.

उदगीरकर

कागदाचं काय करलालाव हो या गाड्यांच्या? आमच्या आरटीओत जुनं आरसी बुक दाखवलं तर लोक गोळा होऊन बघलालते.

मुळामुठा

२०२१ च्या जुलैत केंद्रानं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात असलेली, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पुढच्या वेळी ५,०००. नव्यानं नंबर घेतला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मेख अशी की ती गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं, एवढंच.

फियाटवाला_परभणी

म्हणूनच मी त्या फंदात पडलो नाही. माझी पद्मिनी पन्नाशीची नाहीच, आणि असती तरी दर रविवारी तिनंच मोंढ्यात जातो. दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं, हरित कर भरायचा, झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मधे वीस वर्षांच्या मर्यादेत बसेना म्हणून निघाली. खाजगी गाडीला ती मर्यादा नाही, तपासणीत पास झाली पाहिजे.

चोकओढ

एक सल्ला हवाय. ८६ ची पद्मिनी घेतलीय. मित्र म्हणतात मारुतीचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग आणि एसी टाकून घे, वरून जुनी, आतून नवी. कसं वाटतं?

फियाटवाला_परभणी

मग मारुतीच घ्या ना भौ.

सरळगेर

एसी-स्टिअरिंगचं बाजूला ठेवा. इंजिन बदललं की आरसीवर बदल मंजूर करून घ्यावा लागतो, विम्याचा घोळ होतो, आणि पुढं पन्नाशीला 'मूळ रूपात' या अटीत गाडी बसणार नाही. १०८९ चं इंजिन बोअर करून, रिंगा-पिस्टन टाकून, व्हॉल्व्ह घासून घेतलं तर पुष्कळ चालतं. हेड खोलणारच आहात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या कड्या, कडक धातूच्या बसवून घ्या. जुनी इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर बेतलेली. शिसं सीटला वंगण देत होतं, ते २००० सालापासून बंद झालं. बिनशिशाच्या पेट्रोलवर सतत जोरात चालवली तर मऊ सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटचा गॅप संपतो आणि कॉम्प्रेशन जातं.

चोकओढ

आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलचं काय?

सरळगेर

ते शिशापेक्षा मोठं दुखणं. २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की टाकीत तळाला पाणी आणि गंज. पंपाचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, मधेच पाझरतात. खाली तापलेला सायलेन्सर असतो हे विसरू नका. शिवाय टाकीत वर्षानुवर्षांचा जमलेला चिकटा इथेनॉल सोडवतं आणि तो थेट कार्बोरेटरच्या जेटमधे जाऊन बसतो. उपाय असे. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाका. पंपाचा पडदा बदला. टाकी आणि पंपाच्या मधे स्वस्तातला फिल्टर लावा, तो काळा पडला की बदलत राहा. आणि गाडी उभी करून ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर कोरडा पडू द्या.

दुधना

म्हणजे आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचं रबर खाणार. घ्या!

काळीमाती

चाचाही हेच सांगत होते. तिथं गाड्या फिरवायचा दिवस ठरलेला आहे. प्रत्येकीत पाच लिटर, गावाबाहेरच्या कॅनॉलपर्यंत जाऊन यायचं, उरलेलं काढून डब्यात. इंजिन नुसतं जागेवर चालू करून बंद करायला त्यांची सक्त मनाई. म्हणे सायलेन्सरात पाणी साठतं, ऑइल तापत नाही आणि ब्रेक तसेच गंजत राहतात.
रंगाबद्दल मी माझं मत सोडत नाही. पण फियाटवाल्यांच्या आज्याच्या फडक्याला उत्तर नाही माझ्याकडं.

गढीवरचा

मी धाराशिव जिल्ह्यातला. इतके दिवस नुसता वाचक, हा धागा वाचून खातं काढलं. आमच्या गढीत चार दाराची हेराल्ड आहे. चुलते गेले तेव्हापासून बंद, म्हणजे पंधरा-वीस वर्षं तरी. वर कडब्याच्या पेंढ्या होत्या, परवा काढल्या. पत्रा ठीक आहे, दोन टायर मातीत रुतलेत, उंदरांनी मागची सीट पोखरलीय. बॅटरी आणून सेल्फ मारून बघू का? रंग मी देणार नाही, आत्ताच सांगतो.

नाथसागर

चार दाराची! ती फक्त आपल्याच देशात बनली. इंग्लंडातले हेराल्डवाले बघायला येतील तुमच्या गढीत.

सरळगेर

थांबा! सेल्फला हात लावू नका. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. जोरानं फिरवलं की रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.
आधी चारी प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. तोवर टाकी खाली उतरवा. आत पेट्रोल नसेल, डांबरासारखा चिकटा असेल. ब्रेक ऑइल पाणी धरून बसलेलं असतं, चाकांचे सिलिंडर जाम असणार, ते चारी खोलावे लागतील. वायरिंगकडं नीट बघा, उंदीर सीट खातो तेव्हा वायर सोडत नाही. आठवड्यानं क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा, पाव वळसा, मग उलटा. फिरलं तर जुनं इंजिन ऑइल काढून नवं भरा, आणि मगच बॅटरी.

गढीवरचा

आज प्लग काढायला बसलो. तीन निघाले, काळे कुळकुळीत. चौथा हलतच नाही. पान्याला पाइप लावू का?

सरळगेर

पाइप नको! प्लग मधेच मोडेल. बुडाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. उद्या आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग उलट, असं थोडं-थोडं. हेराल्डचं हेड बिडाचं आहे, आटे सहसा जात नाहीत. बाकीच्या तीन भोकांत फडकं कोंबून ठेवा, पेंढीचा कचरा आत गेला तर हेडच खोलावं लागेल.

गढीवरचा

फडकं कोंबलं. चुलतीचं जुनं लुगडं आहे, चालतंय ना?

सरळगेर

सुती असेल तर चालतंय.